शिकागोच्या कामगारवस्तीपर्यंत बाग कशी पोहोचली

तुम्ही आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि तुमचा प्रश्न असा आहे: शिकागोसारख्या धुराने काळवंडलेल्या कारखानी शहरात एवढ्या सार्वजनिक बागा झाल्या, त्या लँडस्केप आर्किटेक्टनी आणल्या की उद्योगपतींनी दिल्या? आणि नकाशा काढणाऱ्याच्या हातात त्यातलं किती होतं?

सरळ सांगते. दानातून फार थोडं आलं. जमीन कायद्याने घेतली गेली आणि पैसा मालमत्ता करातून, आसपासच्या जमीनमालकांवर लावलेल्या खास आकारणीतून आणि कर्जरोख्यांतून उभा राहिला. लँडस्केप आर्किटेक्टचं काम दोन टप्प्यांत दिसतं. पहिल्या पिढीने दलदल आणि वाळू होती तिथे बाग उभी राहील अशी जमीन तयार केली. दुसऱ्या पिढीने बाग म्हणजे काय याचा हिशेबच बदलला आणि ती कामगाराच्या घरापाशी नेली. माझ्या मते दुसरं काम जास्त मोठं आहे. अभ्यासक्रमात मात्र पहिल्याचेच फोटो लावले जातात.

सुरुवातीची परिस्थिती बघा. १८५० मध्ये शिकागोची वस्ती जेमतेम ३० हजार होती. १८७० मध्ये ती ३ लाखांच्या जवळ गेली आणि १८९० मध्ये ११ लाखांच्या आसपास. कालवा, रेल्वे, लाकडाच्या वखारी, धान्याची कोठारं आणि १८६५च्या नाताळात सुरू झालेला युनियन स्टॉकयार्ड, म्हणजे जनावरांचा प्रचंड बाजार आणि त्याला लागून असलेले मांसाचे कारखाने, यांनी शहर फुगलं. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात मोकळी जागा आपोआप उरत नाही. ती कोणीतरी आधीच अडवून ठेवावी लागते.

हे पहिल्यांदा जोर लावून मांडलं ते एका डॉक्टरने. उत्तरेला सरोवराच्या काठी शहराची दफनभूमी होती. जमीन खोलगट, पाणी वर आलेलं आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचं सरोवर. डॉ. जॉन राउच यांनी ही दफनभूमी आरोग्याला घातक आहे, ती हलवा आणि तिथे बाग करा, असा धोशा लावला. तिथलाच एक भाग पुढे १८६५ मध्ये लिंकन पार्क झाला. त्याचा सुरुवातीचा आराखडा स्वेन नेल्सन या स्वीडिश बागतज्ज्ञाने केला. मग राउच यांनी साऱ्या शहरासाठी बागा हव्यात असा निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा सौंदर्याचा नव्हता, हवा, पाणी आणि रोगराईचा होता.

आता जमीनमालकांकडे वळू. दक्षिणेला हाइड पार्क वसवणारे पॉल कॉर्नेल बागेसाठी पुढे सरसावले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जमिनी त्याच भागात होत्या. बाग झाली की भोवतालचे भाव चढतात, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावाने जोसेफ पॅक्सटन यांच्याकडून बाग करून घेतली आणि तिच्या कडेचे भूखंड विकून खर्चाची सोय केली. ती १८४७ मध्ये खुली झाली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८५० मध्ये ती पाहिली आणि त्यांच्यावर तिचा खोल परिणाम झाला. शिकागोत १८६७ मध्ये दक्षिण बागांचा पहिला ठराव मतदारांनी फेटाळला. १८६९ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने तीन स्वतंत्र कायदे करून उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशी तीन बाग मंडळं स्थापली आणि त्यांना जमीन घेण्याचा व कर लावण्याचा अधिकार दिला. महापालिकेच्या रोजच्या राजकारणापासून थोडं लांब असलेलं, स्वतःचं उत्पन्न असलेलं मंडळ: माझ्या दृष्टीने पुढच्या सगळ्याचा पाया हा आहे. उत्तम आराखडे धूळ खात पडलेले मी बरेच पाहिले आहेत आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, त्यांच्यामागे स्वतःचा पैसा असलेली यंत्रणा नसते.

दक्षिण मंडळाने ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांना बोलावलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमुळे दोघांचं नाव झालेलं होतं. त्यांच्या हाती हजार एकरांहून थोडी जास्त जमीन आली, पण कशी? सपाट, पाणथळ, वाळूच्या उंचवट्यांची, काठावर सोसाट्याचा वारा. झाड धरेल अशी जमीन थोडीच. १८७१च्या त्यांच्या अहवालात जागेची उणीव लपवलेली नाही. भव्य म्हणावी अशी एकच गोष्ट इथे आहे आणि ती म्हणजे सरोवर, हे ओळखून त्यांनी सगळी रचना पाण्यावर बांधली. सरोवराकडच्या भागात, म्हणजे आजच्या जॅक्सन पार्कात, खाड्यांसारखी वळणदार तळी खोदायची आणि निघालेल्या मातीने आजूबाजूची जमीन उचलायची. आतल्या बाजूला, आजच्या वॉशिंग्टन पार्कात, अफाट मोकळं कुरण ठेवायचं. आणि दोन्हींना जोडणाऱ्या मिडवे नावाच्या पट्ट्यातून कालवा न्यायचा, म्हणजे माणूस होडीत बसून एका बागेतून दुसरीत जाईल.

हा आराखडा चित्र म्हणून पाहू नका, मातीकामाचं गणित म्हणून वाचा. खोदाई आणि भराव एकमेकांना पुरले पाहिजेत, बाहेरून माती आणायची वेळ येऊ नये, पावसाचं पाणी कुठेतरी जायला हवं आणि उचललेल्या जमिनीवर मुळांना खोली मिळायला हवी. हे सगळं त्या वळणांमध्ये आहे. आमच्या धंद्यात अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती सगळ्यात आधी मातीकामाला लागते, कारण उद्घाटनाच्या दिवशी ते कोणाला दिसत नाही. दोन पावसाळ्यांनंतर दिसतं.

त्याच वर्षी, म्हणजे १८७१च्या ऑक्टोबरमध्ये, शिकागोची ती मोठी आग लागली. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले. बाग मंडळाचं कार्यालयही जळालं आणि त्यात नकाशे व कराची कागदपत्रं गेली. काम रखडलं. पुढे होरेस क्लीव्हलंड या लँडस्केप आर्किटेक्टना आराखडा कमी खर्चात उतरवायला नेमलं. वॉशिंग्टन पार्कचं कुरण झालं आणि गवत कमी ठेवायला तिथे मेंढ्या चारत. मिडवेचा कालवा मात्र कधीच पाण्याने भरला नाही. जॅक्सन पार्कचा मोठा भाग वीस वर्षं तसाच पडून होता. १८९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी तीच जागा निवडली गेली तेव्हा ओल्मस्टेड आपले तरुण भागीदार हेन्री कॉडमन यांच्यासह परत आले आणि तळी, झाडीचं बेट हे सारं आकाराला आलं. (आपल्याकडे १८९३चं शिकागो म्हटलं की स्वामी विवेकानंद आठवतात. ती सर्वधर्मपरिषद प्रदर्शनाच्या आवारात नव्हती. ती मध्यवस्तीत, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूटचं संग्रहालय आहे त्या इमारतीत भरली होती. जॅक्सन पार्क तिथून दक्षिणेला बराच लांब आहे.)

पश्चिमेच्या तीन बागा विल्यम ल बॅरन जेनी यांच्याकडे गेल्या. हे मूळचे इंजिनिअर, शिक्षण पॅरिसचं. पुढे लोखंडी सांगाड्याच्या उंच इमारतीसाठी ते प्रसिद्ध झाले. त्यांच्या डग्लस पार्कची जमीन दलदलीची होती. तिथे भराव म्हणून त्यांनी वाळू टाकली आणि तिच्यात स्टॉकयार्डमधलं जनावरांचं खत मिसळलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शहर ज्या उद्योगामुळे घाण होत होतं त्याचाच कचरा बागेची माती बनवायला वापरला, आणि तोही जवळून, भरपूर मिळणारा. त्या उद्यानाचं नाव २०२० मध्ये गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांच्या स्मरणार्थ बदललं. तिन्ही मंडळांच्या बागा झाडांच्या दुहेरी-तिहेरी रांगा असलेल्या रुंद रस्त्यांनी जोडल्या. हे रस्ते आजही तिथे आहेत.

इथपर्यंतची कथा पुस्तकात भेटते. आता अडचण बघा. या बागा वस्तीच्या कडेला होत्या आणि तसं असणं साहजिकच होतं, कारण स्वस्त मोकळी जमीन तिथेच होती. स्टॉकयार्डच्या मागे राहणारा पोलिश, लिथुएनियन किंवा आयरिश मजूर तिथे जायचा कसा? अकुशल कामगाराला शतकाच्या सुरुवातीला तासाला १५ ते २० सेंट मिळत आणि ट्रामचं एका वेळचं भाडं ५ सेंट. नवराबायकोच्या येण्याजाण्यातच तासाभराची कमाई जाणार, आणि सुट्टी आठवड्यातून एकच. त्याच्या घराशेजारी काय होतं? लाकडी घरांची दाटी, कचऱ्याचे खड्डे आणि कारखान्यांची घाण पोटात घेऊन वायूचे बुडबुडे सोडणारा नदीचा एक फाटा, ज्याला लोक आजही बबली क्रीक म्हणतात. शहराच्या नकाशावर हजारो एकर हिरवे दिसत होते आणि या माणसाच्या पोरांना खेळायला रेल्वेचे रूळ होते.

हे बोलायला लागले ते वस्तीत राहून काम करणारे लोक. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाउस हे गरीब वस्तीतलं सेवाकेंद्र सुरू केलं होतं आणि १८९०च्या दशकात तिथे मुलांसाठी क्रीडांगण केलं. १८९९ मध्ये शहराने खास उद्यान आयोग नेमला आणि दाट वस्तीत छोट्या बागा व क्रीडांगणं हवीत हा विषय कागदावर आला. दक्षिण मंडळात जे. फ्रँक फॉस्टर हे अधीक्षक होते. त्यांना वाटत होतं की बाग फक्त उन्हाळ्यातल्या रविवारसाठी असून चालणार नाही, शिकागोच्या हिवाळ्यातही ती उपयोगी पडली पाहिजे. त्यांनी स्टॉकयार्डजवळ मॅकिन्ली पार्क हा प्रयोग केला. तिथे मैदान होतं, पोहण्याचं तळं होतं, कपडे बदलायच्या खोल्या होत्या. लोकांनी गर्दी केली. १९०३ मध्ये कायद्याने परवानगी मिळाली, कर्जरोखे काढले आणि मंडळाने एकदम अनेक छोट्या बागांचं काम हाती घेतलं.

आराखडे केले ओल्मस्टेड बंधूंनी, म्हणजे आधीच्या ओल्मस्टेड यांचा सावत्र मुलगा जॉन चार्ल्स आणि मुलगा फ्रेडरिक धाकटे यांनी, आणि इमारती वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम यांच्या कार्यालयाने. १९०५ मध्ये पहिल्या दहा बागा खुल्या झाल्या. डेव्हिस स्क्वेअर, कॉर्नेल स्क्वेअर आणि शर्मन पार्क स्टॉकयार्डच्या परिसरात. बेसेमर आणि रसेल स्क्वेअर पोलाद कारखान्यांच्या बाजूला. बेसेमर हे नावसुद्धा पोलाद बनवण्याची रीत शोधणाऱ्या हेन्री बेसेमर यांचं.

यातली डेव्हिस स्क्वेअर जेमतेम दहा एकरांची. वडिलांनी हजार एकरांत जे केलं ते इथे चालणारच नव्हतं. त्यांच्या मुलांनी मग रचना उलटी केली. मधे मोकळं मैदान ठेवलं. उन्हाळ्यात त्यावर चेंडूचा खेळ चाले आणि हिवाळ्यात पाणी सोडून ते गोठवलं की त्यावर बर्फावर घसरायचं. एका कडेला इमारत, पोहण्याचा तलाव, पुरुषांची व्यायामाची जागा, बायकांची वेगळी, लहान मुलांसाठी वाळू आणि उथळ पाणी, हे सगळं एकाला एक लागून. आणि चारी बाजूंनी झाडाझुडपांची जाड किनार, तिच्यातून पायवाट, म्हणजे रस्ता आणि चिमण्या नजरेआड होतील. इतकं सगळं दहा एकरांत बसवून मैदान मोठं वाटायला लावणं किती कठीण आहे, हे ज्याने कधी लहान भूखंडावर बाग आखली आहे त्याला कळेल. तुम्ही सेंट्रल पार्कच्या आधी हे नकाशे गिरवा, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असते.

त्या इमारतीला फील्डहाउस म्हणत आणि ती खरी नवी गोष्ट होती. आत व्यायामशाळा, शॉवर, कपाटं, सभागृह, सार्वजनिक ग्रंथालयाची वाचनखोली, स्वस्त आणि स्वच्छ खाणं. पोहायला येणाऱ्याला पोशाख, टॉवेल आणि साबण मंडळाकडून फुकट. घरात न्हाणीघर नसलेल्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ मिळणं ही काय गोष्ट आहे, ते सांगायला नको. नव्याने आलेल्यांचे इंग्रजीचे वर्ग इथे भरत, लग्नं आणि नाचगाणी इथे होत. इमारतीचं बांधकाम खडी उघडी ठेवलेल्या काँक्रीटचं, म्हणजे स्वस्त आणि टिकाऊ. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडांगण संघटनेचं पहिलं अधिवेशन मुद्दाम शिकागोत भरलं, आणि दुसऱ्या शहरांनी हा नमुना उचलला.

शर्मन पार्क मात्र ६० एकरांचा. तिथे पाणी साचायचंच, म्हणून ओल्मस्टेड बंधूंनी त्या पाण्याचंच तळं केलं आणि मधल्या कुरणाला बेटासारखं वेढून त्यावर पूल टाकले. ते नाव जॉन शर्मन यांचं. ते स्टॉकयार्डचे कर्तेधर्ते, बाग मंडळाचे सभासद आणि बर्नहॅम यांचे सासरे. तुमच्या प्रश्नातला उद्योगपती इथे भेटतो, पण पाटीवर. पैसा त्या वस्तीसकट सगळ्या करदात्यांचा होता. आणखी एक तारीख लक्षात ठेवा. १९०४च्या उन्हाळ्यात स्टॉकयार्डच्या कामगारांनी पगारासाठी संप केला आणि तो फसला. पुढच्याच वर्षी त्यांच्या दारात बाग आली. बागेने पगार वाढला नाही. काही सुधारकांना वाटत होतं की पोरं मैदानावर असली की दंगा करणार नाहीत, आणि तो हेतू मी नाकारत नाही. पण सभागृह बांधून दिलं की तिथे काय बोलायचं ते लोक ठरवतात. १९३९ मध्ये डेव्हिस स्क्वेअरचे त्या वेळचे संचालक जोसेफ मीगन यांनी वस्त्यांमध्ये संघटना बांधणारे सॉल अलिन्स्की यांच्या बरोबरीने तिथल्या वस्तीची परिषद उभी केली. चर्चवाले, दुकानदार आणि मांस कारखान्यांची युनियन तिच्यात एकत्र आली.

पश्चिम मंडळात तेव्हा दुसराच माणूस होता, आणि माझा जीव त्याच्यात जास्त गुंततो. येन्स येन्सन, डेन्मार्कहून आलेला, मजूर म्हणून बाग खात्यात लागलेला. त्याने परदेशी फुलझाडं लावली, ती मरत गेली. मग घोडागाडी घेऊन तो शहराबाहेरच्या माळरानावर गेला, रानफुलं मुळासकट आणली आणि १८८८ मध्ये युनियन पार्कात लावली. लोकांना ती ओळखीची वाटली आणि आवडली. पुढे तो हम्बोल्ट पार्कचा अधीक्षक झाला. १९०० मध्ये खात्यातल्या लाचखोरीत सामील व्हायला नकार दिला म्हणून त्याला काढलं. १९०५ मध्ये मंडळ सुधारलं तेव्हा तो सगळ्या पश्चिम बागांचा प्रमुख म्हणून परत आला. हम्बोल्ट पार्कातलं तळं वाढवून त्याने माळरानातली संथ नदी आणली. गारफिल्ड पार्कात गवताच्या गंजीसारख्या आकाराचं काचेचं मोठं वनस्पतिगृह उभारलं. कोलंबस पार्क (आखणी १९१५च्या सुमारास, काम १९२० पर्यंत) हे त्याचं सगळ्यात पूर्ण काम. आडव्या थरांचा दगड, त्यातून पडणारं पाणी, उघड्यावर नाटक करायला हिरवळ, आणि शेकोटीभोवती दगडाची गोल बैठक, जिथे कोणाचीच जागा वरची नसते. येन्सनमुळे स्थानिक झाडं हा शहरी बागेचा कणा होऊ शकतो हे सिद्ध झालं. वास्तुविशारद ड्वाइट पर्किन्स यांच्यासोबत १९०४च्या अहवालात त्याने शहराभोवतीची जंगलं आणि नदीकाठ राखायला सांगितलं होतं. त्यातून १९१४ मध्ये कुक काउंटीचं वनसंरक्षण मंडळ निघालं. आज त्याच्याकडे सुमारे ७० हजार एकर आहेत.

हे सगळं सर्वांसाठी होतं का? कागदावर हो. २७ जुलै १९१९ रोजी २९व्या रस्त्याजवळच्या सरोवरकाठावर एक सतरा वर्षांचा काळा मुलगा पाण्यात तरंगत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या बाजूला गेला. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडून मेला. पोलिसांनी दगड मारणाऱ्याला धरलं नाही. दंगलीत ३८ माणसं मेली. नंतरच्या चौकशी आयोगाला बागांचा आणि क्रीडांगणांचाही तपास करावा लागला. नियमात बंदी नसताना गोऱ्या टोळ्या काळ्या मुलांना अनेक बागांतून हाकलत होत्या. आराखड्यात हे कुठेच दिसत नाही, म्हणून आराखड्यावरून बागेचा न्याय करू नका. दारात कोण उभं आहे आणि आत कोणाला येऊ देतो, हे बघावं लागतं.

१९३४ मध्ये शहरातली २२ वेगवेगळी बाग मंडळं एकत्र करून शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट झालं. महामंदीत त्यातली बरीच मंडळं कर्जात बुडाली होती. पुढच्या काळात एक्सप्रेसवेने कोलंबस पार्कचा दक्षिणेकडचा तुकडा खाल्ला, पोलाद कारखाने बंद झाले, स्टॉकयार्डही १९७१ मध्ये बंद झाला.

तुम्ही लिहिलं आहे की पुढच्या वर्षी शिकागोला जाण्याची संधी आहे. मग मध्यवस्तीतला प्रसिद्ध मिलेनियम पार्क शेवटी ठेवा. आधी डेव्हिस स्क्वेअर आणि शर्मन पार्क बघा, भर दिवसा, शाळा सुटायच्या वेळी. मग कोलंबस पार्क. आणि ब्रिजपोर्टमधला पामिसानो पार्क चुकवू नका. ती चुनखडीची खाण होती, १९६९ नंतर बांधकामाचा राडारोडा टाकायची जागा झाली, आणि २००९ मध्ये २७ एकरांची बाग. खाणीच्या तळाशी मासेमारीचं तळं आहे, आणि वरून येणारं पाणी पाणवनस्पतींच्या पायऱ्यांतून गाळत खाली येतं. वहीत फक्त उभा छेद काढा: टेकडी, पायऱ्या, खाणीची भिंत, तळं. कुठे भराव आहे आणि कुठे मूळ दगड, ते रंगाने वेगळं दाखवा. मग तोच छेद जॅक्सन पार्कच्या तळ्यांचा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून मला पाठवा.